अधिक एक

विम्याच्या अटी वाचून पोट दुखेपर्यंत हसलेली मुलगी माझ्याशिवाय दुसरी कोणी असेल असं मला वाटत नाही. ताई म्हणालीच होती, "ठमे, लोकांना ही पानं वाचून झोप लागते, तू लोळतेस काय?" पण तुम्हीच सांगा. एका ओळीत लिहिलेलं, युद्धात जखमी झाल्यास भरपाई नाही. त्याखाली, अणुस्फोटात जखमी झाल्यास नाही. आणि त्याच्याखाली, स्वतःचा दात स्वतः उपटल्यास नाही. म्हणजे कोणीतरी कधीतरी स्वतःची दाढ उपटून वर कंपनीला बिल पाठवलं असणार. त्याशिवाय का ही ओळ आली?

आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. आमच्या खोल्यांच्या खाली ड्रायक्लीनरचं दुकान आहे, त्यामुळे खिडकीतून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येते आणि घराला कायम नव्या शर्टाचा वास असतो. ताई इथल्या विद्यापीठात किड्यांवर पीएचडी करते. माझी दहावी झाल्यावर मी तिच्याकडे आले, इथल्या शाळेत पुढची वर्षं करायला. आई-बाबा तिकडे घरीच. कागदोपत्री ताई माझी पालक होती आणि कागद बाजूला ठेवले तरी तीच होती. मला तापात पेज भरवणारी, माझ्या उवा काढणारी, आईचा ओरडा स्वतःवर घेणारी.

तर बाहेरून आलेल्या मुलांना विम्याशिवाय इथे वर्गात बसू देत नाहीत. एक तर शाळेची योजना घ्यायची, नाहीतर घरातल्या कोणाच्या तरी विम्यात आपलं नाव आहे असं दाखवायचं. ताईने विद्यापीठातून तीन योजनांची माहितीपत्रकं आणून माझ्यापुढे टाकली.

"तूच निवड. घ्यायची तुझ्यासाठीच आहे. मला काय, सर्दीसुद्धा होत नाही."

मला कोणी काही निवडायला सांगायचं म्हणजे नवलच. घरी असताना मी वर्गात तोंड उघडायचे ते फक्त हजेरीला. पाहुणे आले की पडद्याआड. 'ही मुलगी बोलते की नाही' असं लोक आईला विचारायचे, माझ्यासमोर. इथे आल्यावर काय झालं कोण जाणे, मला कंठच फुटला. पहिल्याच आठवड्यात हँडबॉलच्या संघात गोलकीपर नव्हती म्हणून मी हात वर केला. हँडबॉल म्हणजे काय हे मला त्या दिवशी दुपारी कळलं.

त्यामुळे मी त्या पत्रकांवर तुटूनच पडले.

"ही पहिली बाद. यात दवाखान्यात भरती झालं तरच पैसे. म्हणजे मरायला टेकल्याशिवाय उपयोग नाही."

"पुढची?"

"दुसरी बरी आहे, पण खेळताना लागलं तर हात वर. आणि मी तर खेळतानाच पडणार. तिसरी बघ. खेळातली मोडतोड पहिल्याच पानावर. दात, चष्मा, सगळं. नाव काय आहे माहितीये? 'विद्यार्थी अधिक एक'. विद्यार्थी तू, आणि घरातलं कोणीही एक माणूस त्याच हप्त्यात."

"आणि दोन माणसं असली तर?"

"तर दुसऱ्याचा वेगळा विमा काढल्यासारखाच खर्च. पण आपल्याला काय करायचंय? मी आहे ना अधिक एक."

"अधिक तर तू जन्मापासून आहेस," ताई म्हणाली आणि माझी वेणी ओढली.

शेवटच्या पानावरची अट मी मोठ्याने वाचली. एकदा नाव दिलेला माणूस वर्ष संपेपर्यंत बदलता येणार नाही. अपवाद तीन. जन्म, मृत्यू, विवाह.

"ऐक हं. मला यातून काढायचं तर मला मारावं तरी लागेल, नाहीतर तुला लग्न तरी करावं लागेल."

"मारणं स्वस्त पडेल," ताई म्हणाली.

तेव्हा आम्ही इतक्या हसलो की खालून ड्रायक्लीनरने काठीने छत ठोकलं.

आता उंटाबद्दल सांगते. उंट ताईच्याच प्रयोगशाळेत होता, मुंग्यांवर काम करायचा. एवढ्या उंचीवरून याला मुंग्या दिसतात तरी कशा, हा माझा पहिला प्रश्न. आमच्या दारातून आत येताना तो नेहमी मान वाकवायचा, मग एकदा विसरला आणि मी त्याचं नाव उंट ठेवलं. तो रविवारी जेवायला यायचा. न सांगता भांडी घासायचा. मला गणित शिकवायचा आणि मागच्या बोळात मोज्यांचा चेंडू करून माझ्यावर मारायचा, मी अडवायचे. मी त्याला अरे-तुरे करायचे. एकदा ताईला म्हणालेही, "हा तुला आवडत असेल तर मला आधी सांग. मी भाव खाईन थोडा." ती म्हणाली, "सगळ्यात आधी तुलाच सांगेन, दुसरं आहे कोण मला?"

थंडीत उंटाचे प्रोफेसर विद्यापीठ सोडून गेले आणि त्याची शिष्यवृत्ती बंद पडली. मला एवढंच माहीत होतं. ताई न्हाणीघराचं दार लावून तासन्‌तास फोनवर बोलायची, नळ सोडून. मी बाहेरून विचारायचे, "किडे धुतेस का?" एका रविवारी उंट गाल सुजवून आला. दाढ. गोठवलेल्या मटारांची पिशवी गालाला लावून त्याने मला वर्गसमीकरणं शिकवली.

"दातांच्या डॉक्टरकडे का जात नाहीस?"

"जातो, जातो," तो म्हणाला आणि ताईकडे बघितलं. ताई भात ढवळत होती. भात कोणी ढवळतं का?

नंतर मी संघाच्या शिबिराला गेले. शेजारच्या गावात, चार दिवस. शेवटच्या सामन्यात मी इतके गोल अडवले की कोच मॅडमनी मला सगळ्यांसमोर 'भिंत' म्हटलं आणि पदक मिळालं. घरी आले तर फ्रिजमध्ये पांढरा केक, एका बाजूने कापलेला. मी म्हणाले, "माझ्यासाठी?" ताईने आधी फ्रिजचं दार लावलं. "तुझ्याशिवाय कोणासाठी? धीर धरवला नाही म्हणून आम्ही चाखला जरा." मी दोन दिवस तो केक खाल्ला. जाता-येता पदक गळ्यात घालून खाल्ला. उंटाची दाढही त्यानंतर बरी झाली, पण एखाद्याची दाढ बरी झाली तर त्यात विचार करण्यासारखं काय असतं?

गेल्या मंगळवारी सरावात एक चेंडू माझ्या मनगटावर असा आला की हाताने आपली दिशाच बदलली. कोच मॅडम मला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेल्या. हात मी अंड्यासारखा धरला होता. दुखत होतं, पण खरं सांगते, मनातून थोडी ऐटही होती. अखेर माझ्या योजनेची परीक्षा होती. वाटेत मी मॅडमना म्हणाले, "काळजी करू नका. खेळातली मोडतोड आमच्याकडे पहिल्या पानावर आहे. मी स्वतः निवडलंय."

काउंटरमागच्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी ताईचा विमा क्रमांक घातला, नाक पुसलं, परत घातला.

"यात तुझं नाव नाही."

"नीट बघा ना. विद्यार्थी अधिक एक. त्यातली अधिक एक मी."

"अधिक एक आहे," बाई म्हणाल्या, "पण ते गृहस्थ आहेत. पॉलिसी जिची आहे तिचे पती."

मी हसले. खरंच हसले. "दुसऱ्या कोणाचं उघडलंय तुम्ही. माझ्या ताईचं लग्न झालेलं नाही."

"अगं, इथेच तर येऊन गेले ते. दाढेचं काम करून घेतलं. त्यांचे पाय खुर्चीत मावेनात, स्टूल लावावं लागलं." मग त्यांनी कोच मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रुमाल तोंडावर धरला. "हे मी बोलायला नको होतं."

पाय खुर्चीत मावेनात. मटार, न्हाणीघराचा नळ, ढवळलेला भात, सगळं डोक्यात एकदम गोळा झालं. केक सगळ्यात शेवटी आठवला. तो लग्नाचा होता, आणि मी तो पदक गळ्यात घालून खाल्ला होता.

कोच मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंना म्हणाल्या, "फोटो काढा. पैशांचं मी बघते." फोटोत हाड मोडलेलं दिसत होतं, बारीक रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी. प्लास्टर घालून होईपर्यंत ताई आली. अंगात प्रयोगशाळेचा कोट तसाच, एका पायातल्या बुटाची नाडी सुटलेली.

"कुठे लागलं? दाखव मला."

मी हात पाठीमागे नेला. "तुझं लग्न झालंय?"

पाण्याच्या मशीनपाशी एक आजोबा पेला भरत होते. ताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "इथे नको गं. घरी बोलू."

"इथेच. झालंय का?"

"हो."

आजोबांनी पेला अर्धाच भरला आणि निघून गेले.

मग तिने भरभर सांगितलं. शिष्यवृत्ती गेली तसा उंटाचा विद्यापीठातला विमाही गेला. विमा नाही तर इथे राहायची परवानगी वाढवून मिळत नाही. परवानगी नाही तर इतक्या वर्षांचं काम अर्ध्यावर टाकून परत जावं लागलं असतं. लग्न ते करणारच होते. थोडं आधी केलं, इतकंच. लग्न झालं की नाव बदलता येतं, हे तर...

"हे तर मीच वाचून दाखवलं होतं," मी म्हणाले.

ती वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागली.

"आणि मी?"

"तू घोड्यासारखी धडधाकट आहेस, ठमे. मला वाटलं, वर्ष संपेपर्यंत निभेल. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी शाळेची योजना घेणारच होते. दोघांचं एकदम जमत नव्हतं."

"शाळेला काय सांगितलंस?"

"काही नाही. आधी दाखवलेलं तसंच राहू दिलं."

"ताई, मी गोलकीपर आहे. लोक माझ्या अंगावर चेंडू मारतात. तेच माझं काम आहे. आणि रोज सकाळी तू मला डबा देऊन म्हणायचीस, बिनधास्त खेळ."

तिचे डोळे भरून आले होते. ती माझा चांगला हात धरायला आली. मी तो हातही मागे नेला.

घरी पोचल्यावर मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि आईला फोन केला. मनात म्हटलं, आता बघच. आईचा संताप मला माहीत आहे, ती चिडली की शेजारची मांजरसुद्धा जिना उतरते.

"आई, आधी बस. एक सांगायचंय."

"बसलेलीच आहे. भाजी निवडतेय. बोल."

"ताईने लग्न केलंय."

शेंगा मोडायचा आवाज थांबला. मी 'काय' ची वाट बघितली. 'काय', 'कधी', 'कोणाशी', 'अगं देवा', काहीतरी.

आई म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

भिंतीवरच्या आरशात मला माझंच तोंड दिसलं, उघडं राहिलेलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"अगं, आम्ही फोनवर होतो तेव्हा. बाबा तर कोट घालून बसले होते फोनसमोर. तू शिबिराला गेली होतीस ना."

"मला का नाही सांगितलं?"

"हे बघ, तिचा काही दोष नाही. मीच म्हटलं, धाकटीला एवढ्यात नको. तू आता किती बोलतेस, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आत्याला कळलं असतं, आत्याकडून सगळ्या गावाला. सुट्टीत दोघं इकडे आली की नीट समारंभ करून सांगणार होतो सगळ्यांना. आणि तुलाही."

"सगळ्यांना, आणि मलाही."

"असं काय बोलतेस?"

मी बोलायला लागले तेव्हा सगळ्यात जास्त कौतुक आईनेच केलं होतं. 'पोरगी खुलली' असं तिने फोनवर दहा जणींना सांगितलं होतं. आणि तेवढ्याच वेळात तिने ठरवूनही टाकलं होतं की खुललेल्या पोरीपासून काय काय झाकून ठेवायचं.

"आई, माझा हात मोडलाय."

"अगं बाई. कसा? डॉक्टरकडे गेलीस? विमा आहे ना तुझा शाळेचा? ती म्हणाली, तुझा शाळेचा काढला."

"नाही काढला."

आता मात्र 'काय' आलं. अगदी मला हवं तसं, मोठ्याने. पण माझ्यासाठी त्याची वेळ गेली होती. "ताईला फोन दे," आई म्हणत राहिली. मी दिला नाही. बंद केला.

बाहेर आले तर उंट दारात उभा, मान वाकवून. हातात औषधांची पिशवी.

"मी उद्या जाऊन माझं नाव काढून टाकतो," तो म्हणाला.

"कसं काढणार तुम्ही? जन्म, मृत्यू, विवाह. यातलं नक्की काय करणार आहात?"

त्याने आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू मला अहो-जाहो का करतेस?"

"दाजींना अहोच म्हणतात."

त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिची गाठ सोडत बसला. मला वाईट वाटलं. वाटलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात आम्हाला बोलावलं होतं. कोच मॅडमना कळवावं लागलंच होतं, त्यांचाही इलाज नव्हता. बसस्टॉपवर ताई म्हणाली, "आत मला बोलू दे. मी शाळेपासून लपवलं असं झालं तर माझं पालक म्हणून नाव काढतील. मग तुला ठेवणार कोण इथे? आजचा एक दिवस तोंड उघडू नकोस. माझ्यासाठी."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिने विचारलं नाही.

ऑफिसातल्या बाई हळू बोलणाऱ्या होत्या, प्रत्येक वाक्यानंतर चष्मा नाकावर ढकलायच्या. "वर्षाच्या मध्ये आम्ही आमच्या योजनेत एकाच कारणाने घेतो. आधीच्या विम्यातून मुलीचं नाव कोणी काढलं असेल तर. नाव चुकून गळलं असेल तर ती कंपनीने दुरुस्त करायची गोष्ट. तोवर वर्गात बसता येणार नाही. तर काय झालंय?"

"थोडा घोळ झालाय," ताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "नावं बदलताना. कंपनीकडूनच झाला असावा."

"म्हणजे चूक."

"हो. चूकच म्हणायची."

बाईंनी चष्मा ढकलला. "मग कंपनीकडून निस्तरून या. तोपर्यंत ही घरी."

ताईने सुस्कारा सोडला. तिला सुटल्यासारखं झालं, मी तिच्या इतक्या जवळ बसले होते की मला ते खांद्याला जाणवलं. ती उठली, पर्स घेतली. "चल ठमे. होईल पंधरा-वीस दिवसांत काहीतरी."

पंधरा-वीस दिवस खिडकीत बसून वाफ बघायची. आणि कंपनीने चूक दुरुस्त करायची, जी कंपनीची नाहीच. मग कंपनी नाही म्हणणार, मग आणखी पंधरा दिवस. या सगळ्यात शाळा जाणार माझी, आणि पालक म्हणून नाव राहणार ताईचं. तिने हा हिशोब उभ्या उभ्या केला होता, आणि काल दवाखान्यात तिचे डोळे भरून आले होते ते माझ्या हातासाठी, असं मला वाटलं होतं.

मी खुर्चीतून उठले नाही.

"चूक नाही झाली," मी बाईंना म्हणाले. "ताईने माझं नाव काढून तिच्या नवऱ्याचं घातलं. मला सांगितलं नाही आणि तुम्हालाही नाही."

बाईंनी ताईकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

भिंतीवरचा पंखा फिरत होता. ताईने पर्स आधी एका खांद्यावर घेतली, मग दुसऱ्या. मग म्हणाली, "हो."

"बसा मग," बाई म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या. "आजपासून घेते हिला. हाताचा खर्च यात बसणार नाही, तो आधीचा. वर्गात आजच जाता येईल. पालकांचं काय करायचं ते मुख्याध्यापिका ठरवतील." त्या माझ्याकडे वळल्या. "तोवर काही झालं तर फोन कोणाला करायचा?"

ताई सवयीने नंबर सांगायला लागली. अर्धा सांगून झाला होता.

"माझ्याच मोबाइलवर करा," मी म्हणाले.

"आणि तूच बेशुद्ध पडलीस तर उचलणार कोण?"

"मग कोच मॅडमना."

"त्या तुझ्या कोण लागतात?"

"कोणी नाही."

बाईंची बोटं थांबली. त्यांनी ताईला काही विचारलं नाही. मॅडमचा नंबर त्यांच्याकडे होताच, तो घातला, आणि मला एक चिठ्ठी दिली, वर्गात दाखवायला.

मी दप्तर उचललं. प्लास्टरच्या हाताने पट्टा धरवेना तशी ताई पुढे आली. "दे, मी वर्गापर्यंत आणते." मी दप्तर गुडघ्यावर टेकवलं, पट्ट्यातून मान घातली आणि दाराबाहेर आले. दार अर्धं उघडंच राहिलं.

मागून ताईचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "माझा नंबर निदान खाली कुठेतरी असू दे ना."

"ते तिला विचारा," बाई म्हणाल्या.

मी व्हरांड्यातून जिन्यापर्यंत मुद्दाम सावकाश चालत गेले. मागून हाक आली असती तर मला ऐकू आली असती.